२२ जीबीची फाइल आणि पुसून गेलेले गवत

पत्र : माझ्याकडे गेमप्लेची तासातासाची रेकॉर्डिंग साठली आहेत. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये १०८०पी, सेकंदाला ६० फ्रेम आणि ५० मेगाबिटचा स्थिर बिटरेट ठेवला आहे. एका तासाची फाइल २२ जीबीच्या पुढे जाते. हार्ड डिस्क भरत आली म्हणून एका कन्व्हर्टरमध्ये ‘दोन जीबी’ असा आकार देऊन काही फाइली लहान केल्या. मेनू आणि संवादांची दृश्ये ठीक दिसतात, पण जंगलातून पळताना गवताचा हिरवा चिखल होतो, गुहेतल्या अंधारात चौकोन दिसतात आणि कोपऱ्यातला लाल आकडा फिसकटतो. दर्जा न घालवता फाइल लहान कशी करावी? झिप केल्याने काही फरक पडेल का? यांतली काही यूट्यूबवर टाकायची आहेत, तीही आधी लहान करावीत का? दोन रेकॉर्डिंगच्या मूळ फाइली मी काढून टाकल्या आहेत. त्यांच्या लहान फाइली आता सुधारता येतील का?

उत्तर : प्रथम त्या दोन जीबीचा हिशेब मांडू, कारण तुमच्या बहुतेक तक्रारींचे मूळ त्या आकड्यात आहे. दोन जीबी म्हणजे साधारण १६,००० मेगाबिट. ते तासाच्या ३,६०० सेकंदांत वाटले तर दर सेकंदाला जेमतेम ४.४ मेगाबिट हाती येतात. मूळ रेकॉर्डिंगमध्ये ते ५० होते. १०८०पी आणि ६० फ्रेमच्या व्हिडिओसाठी यूट्यूब स्वतः १२ मेगाबिटची शिफारस करते, म्हणजे तुमच्या कन्व्हर्टरला त्याच्या जवळपास एकतृतीयांशात सगळे भागवायचे होते, आणि तेही आवाजासकट. आकार आधी ठरवून टाकला की चित्रात काय आहे याचा विचार करायला एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ आवळणाऱ्या यंत्रणेला, वावच राहत नाही. मेनूच्या पडद्याला ४.४ मेगाबिट पुरून उरतात आणि जंगलाला ते कुठल्या कुठे विरून जातात.

गवतच आधी का बिघडते, हे समजून घेतले तर पुढच्या सगळ्या सेटिंगचा अर्थ लागतो. कॉम्प्रेस केलेल्या व्हिडिओमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एन्कोडर मागच्या-पुढच्या फ्रेममधले तुकडे उचलतो, ते कोणत्या दिशेने किती सरकले एवढे टिपून ठेवतो आणि उरलेला फरक तेवढा साठवतो. जागा कमी पडली की त्या फरकातला बारीक तपशील सर्वांत आधी टाकून देतो. संवादाच्या दृश्यात पार्श्वभूमी जागची हलत नाही, त्यामुळे साठवण्यासारखा फरकच थोडा असतो. पण गेममधल्या गवताची प्रत्येक पात स्वतंत्रपणे डोलते, त्यात कॅमेरा वेगाने वळतो, आणि चित्रपटाच्या कॅमेऱ्यात हालचालीमुळे जी नैसर्गिक अस्पष्टता येते ती इथे सहसा नसते, म्हणून प्रत्येक फ्रेम कडेपर्यंत धारदार असते. पाऊस, ठिणग्या, धूर आणि उडणारी पाने यांचीही हीच गत. अंधाराची अडचण थोडी वेगळी आहे : काळ्याच्या अगदी जवळच्या छटांमधला फरक एन्कोडरला नगण्य वाटतो, तो त्या एकत्र करून टाकतो आणि त्यांच्या सीमा आपल्याला चौकोन किंवा पट्टे म्हणून दिसतात.

झिपचा प्रश्न इथेच मिटवतो. १०८०पीचे ६० फ्रेमचे कच्चे चित्र, रंगांची नेहमीची काटछाट धरूनही, तासाला सुमारे ६७० जीबी होते. तुमची २२ जीबीची फाइल त्याच्या तिसाव्या हिश्श्याएवढी आहे, म्हणजे ती आधीच कसून कॉम्प्रेस झालेली आहे. झिप किंवा रार तिच्यातून जवळपास काहीच काढू शकणार नाही.

आता मुख्य गोष्ट. ‘दर्जा न घालवता’ हे शब्दशः शक्य नाही. प्रत्येक पुनर्एन्कोडिंगमध्ये काही ना काही जाते. जे जाते ते डोळ्याला कळू नये, एवढे मात्र नक्की साधता येते, आणि त्यासाठी आकाराऐवजी दर्जा ठरवून द्यावा लागतो. या पद्धतीला सीआरएफ म्हणतात. हँडब्रेक या मोफत प्रोग्राममध्ये ती ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ या नावाने आणि आरएफच्या आकड्याने दिसते. तुम्ही दर्जाचा एक आकडा देता आणि एन्कोडर मेनूवर थोडे, जंगलावर भरपूर असे बिट स्वतःच्या हिशेबाने खर्च करतो. आकडा जितका लहान तितका दर्जा वरचा आणि फाइल मोठी; साधारण सहा अंकांच्या फरकाने आकार निम्मा किंवा दुप्पट होतो, हा अंदाज लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आकडा कोणता द्यायचा हे कोडेकवर, म्हणजे व्हिडिओ आवळण्याच्या पद्धतीवर, अवलंबून आहे आणि इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. २००३ साली आलेल्या एच.२६४ साठी एक्स२६४ या एन्कोडरचा मूळ आकडा, म्हणजे आपण काही न बदलल्यास असणारा, २३ आहे. २०१३ च्या एचईव्हीसीसाठी, म्हणजे एच.२६५ साठी, एक्स२६५ चा मूळ आकडा २८ आहे. आणि २०१८ मध्ये आलेल्या एव्ही१ साठी एसव्हीटी-एव्ही१ या एन्कोडरमध्ये मोजपट्टीच ६० च्या पुढे जाते व मूळ आकडा ३५ असतो. त्यामुळे कोणी ‘मी २४ ठेवतो’ म्हणाले तर तो आकडा कोणत्या एन्कोडरचा, हे आधी विचारावे. १०८०पीसाठी हँडब्रेकचे मार्गदर्शन २० ते २४ असे आहे. वेगवान गेमप्लेसाठी मी त्याची खालची बाजू धरतो : एक्स२६४ असेल तर १९ ते २१, एक्स२६५ असेल तर २१ ते २३, आणि एसव्हीटी-एव्ही१ असेल तर २६ ते ३०. पटावरचे किंवा पाळीपाळीने खेळायचे गेम असतील तर यात दोन-तीन अंक बिनधास्त वाढवा.

तुमच्या संग्रहासाठी मी एक्स२६५ ची १०-बिट, म्हणजे छटा अधिक बारकाईने मोजणारी, आवृत्ती सुचवेन. मूळ रेकॉर्डिंग ८-बिट असले तरी १०-बिटमध्ये एन्कोड केल्याने आतला हिशेब अधिक बारकाईने होतो आणि अंधारातले पट्टे स्पष्टपणे कमी होतात. फाइल त्यामुळे फुगत नाही. एचईव्हीसीचे १०-बिट रूप अलीकडच्या बहुतेक फोन, टीव्ही आणि संगणकांवर सहज चालते, एच.२६४ च्या १०-बिट रूपाबद्दल असे म्हणता येत नाही, म्हणून तिकडे ८-बिटवरच थांबावे. एव्ही१ मध्ये जागा आणखी वाचते, परंतु जुन्या उपकरणांत तो उलगडणारे हार्डवेअर नसते आणि मग व्हिडिओ अडखळतो. फाइल फक्त स्वतःच्या नव्या संगणकावर पाहायची असेल तर तो पर्याय आजही उत्तम आहे.

एक्स२६५ ची एक खोड मात्र सांगितली पाहिजे, कारण ती नेमकी गवताच्या मुळावर येते. एसएओ नावाची एक गुळगुळीत करणारी प्रक्रिया त्यात मुळातच चालू असते. चौकोन आणि कडांभोवतीच्या लहरी लपवायला ती चांगली आहे, पण पाने, खडी, विटा असा बारीक पोतही ती पुसट करते. दर्जाचा आकडा आपण वर सांगितल्यासारखा चांगला ठेवणार असू तर ती बंद करणेच योग्य. हँडब्रेकच्या जादा पर्यायांच्या चौकटीत ती बंद करण्याची सोय आहे.

प्रीसेटबद्दल, म्हणजे तयार सेटिंगच्या संचांबद्दल, फार गुंतागुंत करू नये. ‘स्लो’ प्रीसेट म्हणजे त्याच दर्जासाठी एन्कोडर अधिक शोधाशोध करतो आणि सहसा कमी जागा घेतो. रात्री काम लावून झोपणार असाल तर ‘स्लो’, नाहीतर ‘मीडियम’. ‘स्लो’पेक्षाही संथ अशा ‘प्लासिबो’पर्यंत जाण्यात वीज आणि वेळ यांखेरीज फारसे काही खर्ची पडत नाही, आणि मिळतही नाही.

एनव्हेंक, क्विकसिंक किंवा एएमडीचा एन्कोडर अशा ग्राफिक्स चिपमधल्या एन्कोडरांविषयी तुम्ही विचारले नाही, पण हँडब्रेकच्या यादीत ते दिसतील आणि त्यांचा वेग पाहून मोह होईल. तासाचा व्हिडिओ ते काही मिनिटांत संपवतात. त्यांची नेमणूक खेळ चालू असताना, प्रोसेसरवर भार न टाकता रेकॉर्ड करण्यासाठी आहे, आणि तिथे ते उत्कृष्ट आहेत, कारण तिथे बिटरेटची चणचण नसते. जागा वाचवताना तेवढ्याच आकाराच्या फाइलमध्ये एक्स२६५ चा संथ प्रीसेट सहसा त्यांच्यापेक्षा अधिक तपशील टिकवतो. म्हणून रेकॉर्डिंग ग्राफिक्स कार्डावर आणि साठवणीचे एन्कोडिंग प्रोसेसरवर, अशी विभागणी मला पटते.

हँडब्रेक वापरायला घेतलात की त्याच्या तयार प्रीसेटवर डोळे झाकून विसंबू नका. ते गेमप्लेसाठी बनवलेले नाहीत. सुरुवातीला निवडलेला ‘फास्ट १०८०पी३०’ हा प्रीसेट ६० फ्रेमचे रेकॉर्डिंग ३० वर आणून ठेवतो आणि लोक ‘दर्जा गेला’ म्हणून कोडेकला दोष देत बसतात. फ्रेमरेटच्या जागी मूळ स्रोताप्रमाणे असा पर्याय निवडा आणि त्यासोबत ‘कॉन्स्टंट’ ठेवा, कारण काही रेकॉर्डरांचा फ्रेमरेट बदलता असतो आणि संपादनाच्या प्रोग्राममध्ये गेल्यावर आवाज चित्राच्या मागे-पुढे होऊ लागतो. ‘डीकोम्ब’सारखे फिल्टर जुन्या टीव्ही प्रक्षेपणासाठी असतात, ते बंद करा. काळ्या कडा आपोआप छाटण्याची सोयही बंद करा, कारण अंधाऱ्या गेममध्ये ती खऱ्या चित्राचीच कड कापू शकते. आणि ओबीएसमध्ये गेमचा आवाज व तुमचा माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर घेत असाल तर आवाजाच्या पानावर जाऊन दोन्ही ट्रॅक यादीत आहेत ना, हे पाहून घ्या. तिथे मुळात पहिलाच ट्रॅक निवडलेला असतो. आवाज आहे तसाच पुढे जाऊ द्यावा. १६० किलोबिटच्या आवाजाला तासाला ७२ एमबी लागतात. तिथे कात्री चालवून काहीही हाती लागत नाही.

सगळा तास एन्कोड करण्यापूर्वी एका मिनिटाची चाचणी करा. त्यासाठी सोपे दृश्य घेऊ नका. गवतातून धावणे, स्फोट, मग गुहेतला अंधार, असा रेकॉर्डिंगमधला सर्वांत अवघड तुकडा निवडा. हँडब्रेकमध्ये सेकंदांची मर्यादा देऊन तेवढाच भाग काढता येतो. एकदा २२ आणि एकदा २५ असे दोन आकडे देऊन पाहा आणि दोन्ही पूर्ण पडद्यावर, नेहमीच्या अंतरावरून, चालत्या स्थितीत बघा. थांबवलेली फ्रेम चारपट मोठी करून दोष शोधणाऱ्याला दोष सापडतातच, पण व्हिडिओ तसा कोणी पाहत नाही. दर्जा मोजणारी साधनेही आहेत. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये खुले केलेले व्हीएमएएफ त्यांतले सर्वाधिक वापरले जाते. त्याची जडणघडण मुख्यतः चित्रपट-मालिकांच्या दृश्यांवर झालेली असल्याने गेमच्या पडद्यावरची अक्षरे आणि नकाशे यांच्याबाबतीत मी त्याच्या गुणांपेक्षा डोळ्यांवर अधिक भरवसा ठेवतो.

या मार्गाने गेल्यावर तुमची जंगलातली तासाची फाइल माझ्या अंदाजाने पाच ते दहा जीबींच्या दरम्यान कुठेतरी येईल. ती दोन जीबींत बसणार नाही, आणि बसवण्याचा हट्टही धरू नका. आकार खरोखरच बांधलेला असेल, म्हणजे एखाद्या ठिकाणी अमुक एमबीपेक्षा मोठी फाइल स्वीकारतच नसतील, तर दोन फेऱ्यांचे एन्कोडिंग वापरा आणि बिटरेट वरच्या हिशेबाने काढा : एमबीतल्या आकाराला आठने गुणून सेकंदांनी भागायचे. आलेला आकडा फार लहान वाटला तर १०८०पी सोडून ७२०पीवर या किंवा ३० फ्रेम स्वीकारा. उपाशी १०८०पीपेक्षा पोटभरीचे ७२०पी केव्हाही बघवते. त्याआधी रेकॉर्डिंगमधले लोडिंगचे पडदे आणि रिकामा वेळ कापून टाका; लॉसलेसकटसारख्या प्रोग्रामने ही कापाकापी पुन्हा एन्कोड न करता होते, फक्त काप की-फ्रेमवरच, म्हणजे पूर्ण साठवलेल्या फ्रेमवरच, पडतो, म्हणून पुढेमागे एखाददुसरा सेकंद जास्त राहतो.

लाल आकड्याचे दुखणे मात्र या कशाने पूर्ण बरे होणार नाही. नेहमीच्या ४:२:० पद्धतीत उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक पिक्सेलची घेतली जाते, पण रंगाची माहिती चार पिक्सेलमागे एकदाच. पांढऱ्या अक्षरांना याची झळ लागत नाही, कारण त्यांचा आकार उजेडाच्या माहितीतच असतो. काळ्यावरच्या गडद लाल किंवा निळ्या बारीक अक्षरांचा आकार मात्र बराचसा रंगातच असतो, म्हणून त्यांच्या कडा विरघळतात. हे नुकसान रेकॉर्डिंगच्या क्षणीच झालेले असते, कन्व्हर्टरने ते फक्त वाढवले. प्रत्येक पिक्सेलचा रंग साठवणाऱ्या ४:४:४ मध्ये रेकॉर्ड केले तर ते टळते, पण फाइल वाढते आणि अनेक उपकरणांवर ती नीट चालतही नाही. त्यापेक्षा गेमच्या सेटिंगमध्ये पडद्यावरचे आकडे मोठे करता येतात का किंवा त्यांचा रंग बदलता येतो का, ते पाहा. रंगांधळेपणासाठी दिलेले पर्याय इथे अनपेक्षितपणे उपयोगी पडतात.

पुढच्या रेकॉर्डिंगसाठीही काही बदल आताच करून ठेवा, कारण सर्वांत स्वस्त बचत तिथेच आहे. ५० मेगाबिटचा स्थिर बिटरेट थेट प्रक्षेपणाच्या सवयीतून आलेला दिसतो. साठवणीसाठी तो अवाजवी आहे, कारण तुम्ही मेनूत बसून सामान लावत असतानाही तो तेवढीच जागा खातो. ओबीएसमध्ये सीक्यूपी ही आकाराऐवजी दर्जा ठरवणारी पद्धत निवडून १८ ते २२ मधला आकडा द्या. कार्ड एचईव्हीसी देत असेल तर तो वापरा. २०२२ पासून आलेल्या एनव्हिडिया आरटीएक्स ४०, इंटेल आर्क आणि एएमडी आरएक्स ७००० या मालिकांतली कार्डे एव्ही१ मध्येही रेकॉर्ड करतात. फाइल एमकेव्ही या प्रकारात घ्या, म्हणजे मध्येच संगणक बंद पडला तरी तोवरचे रेकॉर्डिंग वाचते. नंतर ओबीएसमध्येच ती पुन्हा एन्कोड न करता एमपी४ मध्ये बदलता येते. आणि गेमच्या ग्राफिक्स सेटिंगमधला फिल्म ग्रेन बंद करा. तो दाणेदारपणा प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने, कसलाही क्रम न ठेवता टाकलेला असतो. आधीच्या फ्रेमवरून त्याचा अंदाज बांधताच येत नाही, आणि ज्या बिटांतून गवत वाचले असते ते बिट या कृत्रिम धुळीवर खर्च होतात.

यूट्यूबसाठी उत्तर नेमके उलटे आहे. तिथे टाकलेला प्रत्येक व्हिडिओ ते पुन्हा एन्कोड करतातच, त्यामुळे आधी स्वतः पिळून मग पाठवला तर प्रेक्षकाला दोनदा पिळलेले चित्र मिळते. नेटची गती साथ देत असेल तर कापलेले मूळ रेकॉर्डिंगच चढवा; नसेल तर एक्स२६४ मध्ये सीआरएफ १६ ते १८ ठेवून एक प्रत बनवा. १०८०पीचे रेकॉर्डिंग १४४०पीवर मोठे करून चढवण्याची युक्ती अनेक खेळाडू वापरतात आणि ती निराधार नाही : मोठ्या रिझोल्यूशनला यूट्यूब साधारणपणे अधिक बिटरेट देते, आणि जंगलाच्या दृश्यांत तो फरक डोळ्यांना जाणवतो. पिक्सेल आर्टचा गेम असेल तर मोठे करताना पूर्ण पटीतच करा आणि ‘निअरेस्ट नेबर’ ही पद्धत निवडा, नाहीतर चौकोनी पिक्सेलांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात.

शेवटी, ज्यांच्या मूळ फाइली गेल्या आहेत त्या दोन रेकॉर्डिंगांविषयी. टाकून दिलेला तपशील फाइलमध्ये कुठेही शिल्लक नसतो, म्हणून दर्जाचा आकडा कितीही चांगला देऊन पुन्हा एन्कोड केले तरी फाइल तेवढी मोठी होईल आणि चिखल चिखलच राहील. कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र सुधारणारे प्रोग्राम गवत दाखवतील, पण ते त्यांच्या कल्पनेतले गवत असेल आणि आकड्यांच्या बाबतीत ही कल्पनाशक्ती सरळ चुकीचा अंक लिहून मोकळी होऊ शकते. त्या फाइली आहेत तशाच ठेवा. मात्र तो खेळ स्वतःचे रिप्ले जपून ठेवणारा असेल, जसे अनेक शर्यतीचे आणि लढतीचे गेम ठेवतात, तर त्या रिप्लेत चित्र साठवलेले नसते, खेळाडूंच्या हालचालींची नोंद असते. तो गेममध्ये चालवून नव्या सेटिंगने पुन्हा रेकॉर्ड करता येईल. गेमचे अपडेट आल्यावर जुने रिप्ले बरेचदा उघडत नाहीत, त्यामुळे बाकीचे एन्कोडिंग बाजूला ठेवून हे काम आधी हाती घ्या.